बाबांचा बाक आणि कुजलेल्या दोन पट्ट्या

आमच्या चिपळूणच्या घरासमोर अंगणात एक सागवानी बाक आहे. बाबांनी निवृत्त झाल्यावर हौसेने घेतलेला. दर दिवाळीनंतर ते त्याला जवसाचं तेल चोळायचे. एका वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे ते राहून गेलं आणि पुढच्या पावसाळ्यात बसायच्या सात पट्ट्यांपैकी दोन कुजल्या. बोट लावलं की भुसा. "एक वर्ष हयगय केली, आणि बघ," असं बाबा कितीतरी दिवस म्हणत राहिले.

मला मात्र एक गोष्ट खटकत होती. तेल सातही पट्ट्यांना लागलं नव्हतं. मग दोनच का कुजल्या?

माझं पीएचडीचं काम वनस्पतींमधल्या रसायनांवर आहे, त्यामुळे सुट्टीत घरी गेल्यावर मी चाकूने सगळ्या पट्ट्यांवरचा रंग थोडा थोडा खरवडून पाहिला. पाच पट्ट्या आतून सोनेरी-तपकिरी निघाल्या. कुजलेल्या दोन पट्ट्यांचा जो भाग शाबूत होता, तो फिकट, पिवळसर पांढरा होता. उत्तर तिथेच होतं.

एकाच झाडात दोन लाकडं

कुठल्याही मोठ्या झाडाचं खोड आडवं कापलं की दोन भाग दिसतात. बाहेरचा फिकट भाग म्हणजे रसकाष्ठ. यातून पाणी वर चढतं, यातल्या काही पेशी जिवंत असतात आणि त्यांत स्टार्च साठवलेला असतो. आतला गडद भाग म्हणजे गाभा. झाड वाढत जातं तशा आतल्या पेशी मरतात, पण मरण्याआधी साठवलेलं अन्न वापरून संरक्षक रसायनं तयार करून ठेवतात.

सागाच्या गाभ्यात ही रसायनं जबरदस्त आहेत. टेक्टोक्विनोन नावाचं एक संयुग वाळवीला नकोसं असतं. त्याच्या जोडीची काही क्विनोन बुरशीला रोखतात. शिवाय सागात थोडं नैसर्गिक रबर असतं, म्हणून पाणी चटकन आत शिरत नाही आणि हाताला लाकूड किंचित तेलकट लागतं.

मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानातून बांधलेलं 'ट्रिंकोमाली' हे जहाज १८१७ साली पाण्यात उतरलं. इंग्लंडमधल्या हार्टलपूलला ते आजही तरंगतंय. सागाची कीर्ती आहे ती अशी, आणि ती सगळी गाभ्याची आहे. रसकाष्ठात ही रसायनं नसल्यासारखीच असतात, उलट किडीला आवडणारा स्टार्च असतो. म्हणजे फिकट पट्टी हीसुद्धा सागवानच, दुकानदार खोटं बोलला असं म्हणता येत नाही. पण कोकणातल्या पावसात ती साध्या जंगली लाकडासारखीच वागणार.

मग घेताना काय बघायचं?

पहिलं म्हणजे, शक्यतो पॉलिश करण्याआधी लाकूड बघा. गडद रंगाखाली फिकट पट्टी सहज लपते. तयार बाक घेत असाल तर तो उलटा करा. खालच्या बाजूला रंग बहुधा नीट मारलेला नसतो. ताज्या कापलेल्या गाभ्याचा रंग एकसारखा नसतो, हिरवट छटाही दिसते. उन्हात तो हळूहळू सारखा होतो, त्यामुळे एवढ्यावरून घाबरू नका. पांढुरक्या कडा मात्र नाकारा.

दुसरं, झाडाचं वय विचारा. कमी वयात तोडलेल्या लागवडीच्या सागात गाभा कमी भरतो आणि त्यातली संरक्षक रसायनंही कमी असू शकतात. दुकानात 'बर्मा टीक' हे शब्द सहज फेकले जातात. म्यानमारने २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली, हे लक्षात ठेवा आणि कागद मागा. आपल्याकडे चंद्रपूर-गडचिरोलीचा साग उत्तम असतो. पण गाव कुठलंही सांगितलं तरी शेवटी पट्टी स्वतः बघायची.

तिसरं, स्क्रू पितळेचे किंवा स्टेनलेस स्टीलचे हवेत. साध्या लोखंडाला गंज चढतो आणि त्याभोवती लाकडावर काळे डाग पडतात.

आणि तेलाचं काय?

इथे बाबांना (आणि मलाही) धक्का बसला. बाजारात 'टीक ऑइल' म्हणून मिळणारं तेल सागातून काढलेलं नसतं. बहुतेक वेळा ते जवसाचं किंवा तशाच दुसऱ्या सुकणाऱ्या तेलाचं मिश्रण असतं. त्याने रंग खुलतो, पण गाभ्यातली रसायनं काही भरून येत नाहीत. उलट दमट हवेत ते तेल काळ्या बुरशीचं खाद्य होतं. तरीही लावायचंच असेल, तर तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ती तापतात आणि आपोआप पेटू शकतात. पाण्यात भिजवा किंवा बाहेर मोकळी पसरून वाळवा.

उन्हापावसात साग करडा होतो, तो रोग नव्हे. लाकडातल्या पेशींना चिकटवून ठेवणारं लिग्निन अतिनील किरणांनी तुटतं, पाऊस ते तुकडे धुऊन नेतो आणि वर करडा थर उरतो. हा थर मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. खालचं लाकूड तसंच ठणठणीत राहतं. रंग आवडत नसेल तर गोष्ट वेगळी, पण मजबुतीसाठी काही करायची गरज नाही.

करायचं ते एवढंच. पावसाळ्यानंतर मऊ ब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन रेषांच्या दिशेने घासा. लोखंडी काथ्या नको, त्याचे कण अडकून डाग पडतात. गाडी धुतात तसला जोराचा फवाराही नको. त्याने मऊ भाग निघून जातो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवू नका, आत ओल कोंडते. आणि पाय साचलेल्या पाण्यात राहू देऊ नका. लाकूड पाणी सगळ्यात जास्त पितं ते कापलेल्या टोकातून, म्हणून पायांखाली फरशीचे तुकडे ठेवा.

आमच्या सुतारकाकांनी वखारीतून गाभ्याच्या दोन पट्ट्या निवडून आणल्या आणि बसवल्या. त्यानंतर बाकाला तेल लागलेलं नाही. जुन्या पाच पट्ट्या करड्या, नव्या दोन अजून सोनेरी; दिसायला जरा विजोड आहे खरं.

मी बाबांना खरवडलेल्या जागा दाखवल्या होत्या. त्यांनी त्या फिकट पट्टीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "म्हणजे मी तेल लावलं असतं तरी गेलीच असती?"

"गेलीच असती, बाबा."

त्यानंतर बाबांनी हयगयीचा विषय परत काढला नाही. सकाळचा चहा ते पुन्हा तिथेच घेतात.