फायबर तुटली तरी गावाचं नेट कसं चालू राहील?

रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडली की ग्रामपंचायतीचं नेट बंद. मग सातबारा निघत नाही, पीक विम्याचा फॉर्म अडकतो.

नवी मुंबईत ऐरोली, महापे, रबाळे इथल्या मोठ्या डेटा सेंटरमध्ये फायबर वेगवेगळ्या वाटांनी आणतात. एक वाट बंद पडली तरी दुसरी असते. गावाला मात्र बहुतेक वेळा एकच लाइन. वर पाट फुटला की टेलचं शेत कोरडं, तसंच हे.

म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या सुधारित भारतनेट योजनेत 'रिंग' ठरली आहे. लाइन तालुक्यावरून निघते, गावागावांतून फिरून परत तालुक्याला येते. एकीकडे तुटली तर राउटर डेटा दुसरीकडून वळवतो. नवं गाव जवळच्याच रिंगला जोडता येतं. पण गावं वाढली की लाइनची क्षमताही वाढवावी लागते.

दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. रिंगच्या दोन्ही बाजू एकाच चरातून नकोत, नाहीतर एकाच फटक्यात दोन्ही तुटतील. आणि नेट चालू आहे म्हणून पहिली तूट तशीच ठेवू नका. दुसरीकडे तुटली की मधली सगळी गावं बंद. रिंग कुठून जाते, तुटल्यावर दुरुस्ती कोण करणार, हे ग्रामसभेत विचारून घ्या.