आधी जर्नल, मग टेराबाइट

अंधेरीच्या एमआयडीसीत किंवा मुलुंडला कुणी सेफ (Ceph) या वितरित स्टोरेज प्रणालीचा क्लस्टर उभा करायला निघाला, की विचारतो तो टेराबाइटचा भाव. मी आधी विचारतो, जर्नलच्या एसएसडीत कपॅसिटर आहेत का?

फिरत्या डिस्कचं लवकर आटपतो. ७२०० आरपीएमची, सीएमआर पद्धतीची घ्यावी. एसएमआर डिस्क, म्हणजे एकमेकांवर चढवलेल्या ट्रॅकची, रिकव्हरीच्या वेळी मान टाकते. २०२० साली वेस्टर्न डिजिटलच्या 'रेड' मालिकेतल्या काही डिस्क न सांगता एसएमआर निघाल्या, तेव्हापासून मॉडेल नंबर पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

खरा विषय जर्नलचा. सेफच्या जुन्या फाइलस्टोअर पद्धतीच्या काळात प्रत्येक राइट आधी जर्नलमध्ये पडे, तेव्हा कुठे पोच मिळे. डिस्कवर तो मागाहून जाई. घरगुती एसएसडीच्या खोक्यावर लाखभर आयऑप्स (सेकंदाला होणारे रीड-राइट) छापलेले असतात. चार किलोबाइटचे सिंक राइट एकामागून एक लावले, की त्यातले कित्येक काही शेकड्यांवर उतरतात. कपॅसिटर नसेल तर प्रत्येक फ्लशला डेटा खरोखर फ्लॅशवर उतरवावा लागतो. कपॅसिटरवाला तो डीरॅममध्ये घेऊन लगेच पोच देतो. वीज गेली तरी उतरवण्यापुरती ऊर्जा त्याच्यापाशी असते. २०१२ साली आलेला इंटेलचा डीसी एस३७०० मला म्हणूनच प्रिय. रोज दहा वेळा पूर्ण भरा, पाच वर्षं. ४०० जीबीच्या नगाला ७.३ पेटाबाइट. लॅमिंग्टन रोडला निघालेल्या प्रत्येक पोराला मी तेच नाव लिहून देत असे. आणि बजावत असे, एकावर चार-पाचच डिस्क लाव. तो मेला की त्याच्यावरचे सगळे ओएसडी, म्हणजे एकेक डिस्क सांभाळणारे सेफचे प्रोसेस, गेले.

काही पंडित म्हणतात, सेफच्या २०१७ च्या ल्युमिनस आवृत्तीपासून फाइलस्टोअरच्या जागी ब्लूस्टोअर आलं, जर्नल संपलं. जर्नल हे नाव संपलं. फिरत्या डिस्कवर जाणारे लहान राइट आजही आधी रॉक्सडीबीच्या वॉलमध्येच (राइट-अहेड लॉग) पडतात, आणि तो वॉल वेगळा काढला तर त्याच एसएसडीवर असतो. दुसरे म्हणतात, तीन प्रती आहेत, वीज गेली तर काय बिघडतं? तिन्ही प्रती एकाच इमारतीत असतील तर तिघींची वीज एकदमच जाते. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास ग्रिड कोसळलं, तेव्हा उपनगरांत कित्येक ठिकाणी तासन्‌तास अंधार होता. जनरेटर आहे म्हणाल, तर तो बहुधा तळघरात. आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता.

२०१६ मध्ये ॲमेझॉनच्या क्लाउडचं मुंबई रिजन सुरू झालं आणि हळूहळू डिस्क हातात घेणारी माणसंच कमी झाली. तरुण इंजिनिअर यादीतून आयऑप्स निवडतो. ते कुठून येतात, हे त्याला कुणी दाखवलेलंच नसतं. याचं मला मनापासून दुःख होतं. जे अजून स्वतः डिस्क विकत घेतात, त्यांनी वीस नगांची ऑर्डर देण्याआधी एकच मागवावा, त्यावर रात्रभर फायो (fio) ही चाचणी चालवावी आणि सकाळचा आकडा विक्रेत्यापुढे ठेवावा.