यंत्र चुकलें तर जाब कोणी द्यावा ?

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चुकीची जबाबदारी कोणाची, हा विषय अलीकडे कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या निबंधस्पर्धांत दिला जातो. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी पुढें त्यावर लिहूं लागल्यास त्यानें मोठमोठ्या तत्त्वांपासून आरंभ न करितां एका लहानशा दाव्यापासून करावा, असें आम्हांस वाटतें.

इ. स. २०२२ च्या नोव्हेंबरांत कॅनडांतील एका गृहस्थाची आजी वारली. व्हँकूव्हरहून टोराँटोस जाण्याकरितां त्यानें एअर कॅनडा या विमान कंपनीच्या संकेतस्थळावर चौकशी केली. जवळचें माणूस वारलेल्या प्रवाशास ही कंपनी भाड्यांत सूट देत असे. तेथील उत्तरें देणाऱ्या यंत्रानें, म्हणजे चॅटबॉटनें, सांगितलें कीं, तिकीट काढल्यापासून ९० दिवसांच्या आंत अर्ज केल्यास सूट मिळेल. गृहस्थानें विश्वास ठेवून पूर्ण भाडें भरलें. मागाहून अर्ज केला, तेव्हां प्रवास झाल्यावर सूट नाहीं, असें कंपनीनें कळविलें. हा खरा नियम त्याच संकेतस्थळावर दुसऱ्या पानावर होता.

दावा ब्रिटिश कोलंबिया प्रांतांतील न्यायाधिकरणापुढें गेला. चॅटबॉटच्या बोलण्यास आपण बांधलेले नाहीं, असा कंपनीचा बचाव होता. त्याचा अर्थ चॅटबॉट आपल्या कृत्यांस स्वतःच जबाबदार असा होतो, हें न्यायाधिकरणानें दाखवून दिलें. आम्हांस हें वाचून हसूं आलें. दुकानांतील गुमास्त्यानें चुकीचा भाव सांगितला तर त्यास निदान बोलावून विचारतां येतें. यंत्राला ना खिसा, ना अब्रू! इ. स. २०२४ च्या फेब्रुवारींत निकाल लागला : चॅटबॉट हा संकेतस्थळाचाच भाग, तेव्हां त्यावरील सर्व माहितीची जबाबदारी कंपनीची, एक पान खरें कीं दुसरें, हें ताडून पाहणें गिऱ्हाइकाचें काम नव्हे. व्याज व खर्च धरून सुमारें ८१२ कॅनेडियन डॉलर कंपनीस द्यावे लागले.

आपल्याकडील इ. स. १८७२ च्या करार कायद्याच्या १८२ व्या कलमांतहि दुसऱ्याकरितां काम करण्यास नेमलेला तो ‘इसम’ असावा, असेंच धरलें आहे.

हा दावा सोपा होता, कारण यंत्र कंपनीच्याच दारांत उभें होतें. परंतु डॉक्टरानें विकत घेतलेलें यंत्र क्ष-किरणांच्या चित्रांतील गांठ ओळखूं शकलें नाहीं, तर ? करणारा, विकणारा आणि वापरणारा, तिघेहि एकमेकांकडे बोट दाखवितील. युरोपीय संघानें इ. स. २०२४ च्या निर्देशांत संगणकाच्या आज्ञावलीसहि ‘माल’ मानलें. माल सदोष असल्याचें व त्यामुळेंच इजा झाल्याचें ठरल्यास, करणाऱ्याचा हलगर्जीपणा निराळा सिद्ध करावा लागत नाहीं. मात्र यंत्राचें उत्तर वाचून अहवालावर सही करणाऱ्या डॉक्टराचें काय, हा प्रश्न त्यानें सुटत नाहीं.