झाडपाला आहे म्हणून निर्धोक?

स्वामी विवेकानंदांच्या जयंतीला बुलडाणा जिल्ह्यातल्या हिवरा आश्रमात लाखाहून अधिक माणसं शेतात पंगतीला बसतात आणि पुरी-भाजी ट्रॅक्टरमधून वाढली जाते. अन्नाला असा मान असलेल्या मुलखात एखादी मुलगी जेवण टाळू लागली, गुपचूप ओकू लागली, वाळत चालली, तर घरच्यांना आधी उपासतापास आठवतात, मग नजर. हा खाण्याच्या विकाराचा आजार असेल, हे आठवतं सगळ्यात शेवटी. तोवर कुणीतरी सांगून गेलेलं असतं, "झाडपाल्याचं घेऊन बघा, तोटा तर काही नाही!"

तोटा आहे, आणि तो जिवावर बेतू शकतो.

हल्ली या सल्ल्याला परदेशी आधारही जोडतात. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातले आदिवासी एक वेल आणि एका झुडपाची पानं उकळून आयावास्का नावाचा काढा करतात आणि रात्रीच्या विधीत, गाण्यांच्या साथीनं पितात. तिथं ही जपलेली परंपरा आहे; पेरू देशानं 2008 साली तिला राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा ठरवलं. काढ्यानं भास होतात आणि बहुतेकांना जोरदार उलट्या होतात. त्या उलट्यांना शुद्धी मानतात. पण वारंवार ओकणाऱ्या रुग्णाच्या रक्तातलं पोटॅशियम आधीच घटलेलं असू शकतं. ते आणखी घसरलं, तर हृदयाचे ठोके बिघडतात. शिवाय त्या वेलीतली द्रव्यं नैराश्यावरच्या अनेक गोळ्यांशी घातक रीतीनं भिडतात. काढ्यातलं मुख्य द्रव्य, डीएमटी, भारतात 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतं.

मग या आधारासाठी दाखवलं जाणारं संशोधन? 2017 मध्ये कॅनडातल्या अ‍ॅडेल लाफ्रान्स आणि सहकाऱ्यांनी खाण्याच्या विकाराचं निदान झालेल्या आणि आयावास्का घेतलेल्या 16 जणांच्या मुलाखती छापल्या. 11 जणांनी लक्षणं कमी झाल्याचं सांगितलं. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि ज्यांना त्रास झाला ते मुलाखतीला येतीलच असंही नाही. यातून पुढच्या संशोधनाला दिशा मिळते, उपचार सिद्ध होत नाही. 2023 मध्ये अमेरिकेत खाणं टाळण्याच्या विकाराच्या, म्हणजे अ‍ॅनोरेक्सियाच्या 10 स्त्रियांना सायलोसायबिन हे भास घडवणारं दुसरं द्रव्य दिलं, तेही मोजून, तज्ज्ञांच्या देखरेखीत. तीन महिन्यांनी चौघींत ठळक सुधारणा दिसली. सहा जणींत ती दिसली नाही, हेही सांगायला हवं.

आपल्याकडचा दाखला तर जुना आहे. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात वमन कुणाला देऊ नये याची यादी आहे आणि तिच्यात अतिकृश व दुर्बल माणसं आहेत. आयुर्वेदाचं नाव घेऊन हाडं दिसणाऱ्या मुलीला ओकायला लावणाऱ्यानं आधी ती यादी वाचावी!

सोनामुखीच्या चूर्णानं चरबी झडते, हाही भ्रम. जुलाबांतून बहुतांशी पाणी आणि क्षार जातात. अन्नातली ऊर्जा तोवर बरीचशी शोषली गेलेली असते.

खाण्याचा विकार म्हणजे शहरी, श्रीमंत मुलींचे चोचले नव्हेत. मुलग्यांनाही हा आजार होतो. आणि तो किरकोळ नाही: 2011 च्या एका मोठ्या विश्लेषणात अ‍ॅनोरेक्सियाच्या रुग्णांचा मृत्युदर समवयस्कांच्या पाचपटींहून जास्त आढळला.

कोवळ्या वयात आई-वडिलांना सोबत घेऊन केलेला कुटुंबाधारित उपचार, मोठ्यांसाठी वर्तन आणि विचारांवर काम करणारी थेरपी, आणि डॉक्टरांच्या नजरेखाली हळूहळू वाढवलेला आहार, यांच्यामागे आज भक्कम पुरावा आहे. फार दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम भरपेट खाऊ घालणंही धोक्याचं असतं. प्रार्थना, गंडा, घरचा देव यांनी मनाला धीर मिळत असेल तर मिळू द्या. पण मुलीला चक्कर येत असेल, छातीत धडधडत असेल, तर काढा बाजूला ठेवा आणि आजच दवाखाना गाठा. कुठून सुरुवात करावी हे कळत नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही, विनामूल्य बोलता येतं.