जत्रेतला मराठीचा तास

घरी शिकणाऱ्या मुलाच्या आईबाबांना गणिताची फारशी धास्ती नसते. बीजगणित अडलं तर मोबाइलवर हवे तेवढे व्हिडिओ मिळतात, आणि विज्ञानाला स्वयंपाकघर नि परसबाग पुरते. घोडं अडतं ते साहित्यापाशी. मूल नववी-दहावीच्या वयाचं होतं, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा (एनआयओएस) अर्ज भरायची वेळ येते, पाच विषयांत मराठी घेतलं जातं आणि पुस्तक मुलाच्या हातात ठेवून सांगितलं जातं, ‘हे तुझं तूच वाच. यात शिकवण्यासारखं काय आहे?’

मूल वाचतं. प्रश्नोत्तरं पाठ करतं, पासही होतं. पण कविता नावाच्या गोष्टीशी त्याची कधी गाठच पडत नाही.

घरशिक्षण गोव्यात आता नवलाचं राहिलेलं नाही. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वर्षांच्या मुलांबद्दल बोलतो. त्यापुढच्या वयासाठी मुक्त विद्यालयाची वाट सरळ आहे. 14 पूर्ण झाली की दहावीच्या पातळीची नोंदणी करता येते, शाळेचा दाखला लागत नाही, आणि पाच वर्षांच्या मुदतीत नऊ संधी मिळतात. कागदोपत्री सगळं सोपं आहे. अवघड असतो तो रोजचा मराठीचा तास. तो कुणी घ्यायचा आणि त्यात करायचं तरी काय?

पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत राहणाऱ्यांनी हा प्रश्न आपल्या आजोबा-पणजोबांना विचारला असता तर त्यांना हसू आलं असतं. हा भाग पोर्तुगिजांच्या ताब्यात आला 1780 च्या दशकात, जुन्या काबिजादीनंतर, म्हणजे त्यांनी गोव्यात आधी जिंकलेल्या तालुक्यांनंतर, अडीचशे-पावणेतीनशे वर्षांनी. पुढे पावणेदोनशे वर्षं सरकारी शाळा म्हणजे मुख्यतः पोर्तुगीज भाषेची शाळा. मराठी शिकायची तर घराच्या पडवीत किंवा देवळाच्या मंडपात, गावाने पोसलेल्या पंतोजीकडे. त्याची फी, त्याची छडी आणि त्याचा अभ्यासक्रम, सगळंच घरगुती होतं. अक्षरओळख झाली, आकडेमोड जमली की शिक्षण संपलं असं मानलं जाई. साहित्याचा वर्ग खरा सुरू व्हायचा त्यानंतर, आणि त्यात पंतोजीची गरज नसे.

तो वर्ग म्हणजे श्रावणातली पोथी. श्रीधरस्वामींचे ‘हरिविजय’ (1702), ‘रामविजय’ (1703) आणि ‘पांडवप्रताप’ (1712) हे ग्रंथ घराघरांत रात्री लावले जात. एक जण ओवी म्हणायचा, दुसरा तिचा अर्थ उलगडायचा आणि ज्यांना अक्षर येत नव्हतं तेही मध्येच अडवून शंका विचारायचे. भीष्म गप्प का बसला? कुंतीने आधीच का नाही सांगितलं? आजच्या भाषेत याला पात्रचर्चा म्हणतात. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा या बैठकीत बसला की त्याच्या कानावर एकाच वेळी जुनी मराठी पडे, तिचा आजच्या बोलीतला अर्थ पडे आणि त्या अर्थावरचा वादही पडे. घरी साहित्य शिकवणाऱ्या आजच्या पालकाला याहून चांगली पद्धत कुठल्या मार्गदर्शिकेत मिळायची नाही.

घरी वाचून माणूस किती दूर जाऊ शकतो याचा गोव्यातला सर्वांत मोठा दाखला धर्मानंद कोसंबींचा. 1876 साली साखवाळला जन्म. प्रकृती नाजूक, शाळा धरसोडीची, आणि कोवळ्या वयात संसार नि माडांची बागायत अंगावर आलेली. हाती येईल ते मराठी वाचायचं एवढंच शिक्षण. तुकारामांच्या चरित्राने ते हलले. पुढे ‘बालबोधमेवा’ या मुलांसाठीच्या मराठी मासिकात त्यांनी बुद्धाचं चरित्र वाचलं, आणि 1899 मध्ये बुद्धाचा धर्म शिकायचा म्हणून घर सोडलं. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, श्रीलंका अशी पायपीट करत ते पालीचे पंडित झाले आणि 1910 मध्ये ‘विसुद्धिमग्ग’च्या संपादनासाठी हार्वर्डला पोचले. 1924 मध्ये त्यांनी ‘निवेदन’ हे आत्मचरित्र लिहिलं. घरी शिकणाऱ्या मुलाला ते जरूर द्यावं. कौतुकासाठी नव्हे, त्यात कोसंबी स्वतःच्या आळसाबद्दल, निराशेबद्दल आणि बायको-मुलीला मागे टाकून निघाल्याबद्दल जे सांगतात, त्यावर सोळा वर्षांचं मूल चिडतं. चिडलेलं मूल चांगलं लिहितं.

कोसंबींच्या गोष्टीत एक खाचही आहे. त्यांना वाचायला पुष्कळ मिळालं, पण जे वाचलं त्यावर बोलायला घराजवळ कुणी नव्हतं. त्या एकटेपणातूनच ते बाहेर पडले. घरशिक्षणातली साहित्याची अडचणही हीच आहे. पुस्तकांची कमतरता नाही. पणजीचं मध्यवर्ती ग्रंथालय तर 1832 सालचं आहे, आज ते पाटो इथल्या नव्या इमारतीत कृष्णदास शामांच्या नावाने उभं आहे. कमतरता असते ती वर्गमित्रांची, म्हणजे ‘मला ही गोष्ट फालतू वाटली’ असं तोंडावर म्हणणाऱ्या कुणाची तरी. आई तसं म्हणत नाही. आई म्हणते, ‘छान आहे ना?’

इथे पेडण्याची जत्रा कामाला येते. कार्तिकानंतर गावोगावचे कालोत्सव सुरू होतात, पालखी झाली की रात्री दशावतारी नाटक उभं राहतं. पार्सेकर, मोचेमाडकर अशी वेंगुर्ला-सावंतवाडीकडची मंडळं या भागाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. मुलांना नाटक ‘दाखवायला’ नेणारे पालक सहसा नाटक सुरू झाल्यावर पोचतात, आणि नेमका अर्धा धडा तिथेच हुकतो. दोन तास आधी जावं. रंगपटात नट पेटीसमोर बसून स्वतःचा चेहरा स्वतः रंगवत असतो. मंडळाचा प्रमुख आजचं आख्यान सांगतो: कोण कुणाकडे जाईल, युद्ध कधी लागेल, शेवट कुणाच्या तोंडी. बस, इतकंच. लिहिलेली संहिता नसते. पुढे काही तास जे संवाद होतात ते नट तिथल्या तिथे रचतो, समोरच्याचं वाक्य पकडून. पायपेटी, मृदंग आणि झांज यांच्या साथीला कधी थांबवायचं नि कधी उठवायचं, हेही त्यालाच ठरवायचं असतं.

ही रचना बिनभांडवली नसते. राजाचं काम करणाऱ्या नटाच्या तोंडी संस्कृतप्रचुर, लांब श्वासाची मराठी येते, कारण त्याने ‘पांडवप्रताप’ आणि ‘रामविजय’ मुरवलेले असतात. आणि आख्यानाआधीच्या आडदशावतारात काळ्या वेशातला संकासुर येतो तो थेट मालवणीत बोलतो, देवांची टिंगल करतो, समोर बसलेल्या गावकऱ्यांनाही सोडत नाही. भाषेची पातळी पात्रानुसार कशी बदलते हे पाठ्यपुस्तकात दोन ओळींत आटोपतं. रंगमंचावर त्याचं प्रात्यक्षिक रात्रभर चालू असतं.

मग दुसऱ्या दिवशी, झोप झाल्यावर, खरं काम. समजा आख्यान कर्णाचं होतं. कर्णाचं एक भाषण आठवेल तसं लिहून काढायचं. नंतर तोच प्रसंग श्रीधरांच्या ओव्यांत शोधायचा. त्यानंतर शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ आणि इरावती कर्वेंचं ‘युगान्त’, दोन्ही 1967 ची पुस्तकं. एकात कर्ण डोक्यावर घेतलेला, दुसऱ्यात मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी त्याला कडक नजरेने तपासलेला. जत्रेतला नट, अठराव्या शतकातला कवी, कादंबरीकार आणि अभ्यासक असे चार जण एकाच माणसाबद्दल चार गोष्टी सांगत असतात. आता मुलाने ठरवायचं कोणाचं पटतं. महिनाभर पुरेल एवढा ऐवज यात आहे, आणि वर्गमित्राची जागा ही चार माणसं बऱ्यापैकी भरून काढतात.

डिचोलीत सामग्री वेगळ्या जातीची आहे. नार्व्याच्या सप्तकोटेश्वराच्या दारावर 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी केलेल्या जीर्णोद्धाराचा शिलालेख आहे. मुलाला वही-पेन्सिल देऊन त्याच्यासमोर उभं करावं आणि अक्षर अक्षर लावू द्यावं. शके 1590 मध्ये 78 मिळवले की इसवी सन निघतो, हे त्याने स्वतः काढलं की कालगणना वेगळी शिकवावी लागत नाही. साहित्याच्या तासाला शिलालेख कशाला, असं कुणी विचारेल. उत्तर साधं आहे: दोन-चार ओळींत काय सांगायचं आणि काय गाळायचं, हा लेखनातला सगळ्यात अवघड निर्णय तिथे दगडावर घेतलेला दिसतो.

याच तालुक्याच्या अंगावर खाणींची लाल धूळ बसलेली आहे. पुंडलिक नायकांची ‘अच्छेव’ ही 1977 ची कोकणी कादंबरी खाणीने मोडलेल्या गावाची आहे. मराठीच्या तासाला कोकणी पुस्तक घेऊ नये असा सोवळेपणा काही घरांत असतो. तो सोडावा. इथलं बहुतेक मूल घरात कोकणी बोलतं आणि पोथी-वर्तमानपत्र मराठीत वाचतं. दोन्ही भाषांतून त्याला साहित्य मिळालं तर बिघडत काही नाही. बाकीबाब बोरकरांनी तेच केलं. 1947 च्या ‘दूधसागर’मधला मराठी कवी आणि 1981 मध्ये ‘सासाय’साठी साहित्य अकादमी मिळवणारा कोकणी कवी हा एकच माणूस. दोन्ही संग्रहांतली एकेक कविता मोठ्याने वाचून, कुठे लय बदलली ते मुलाने हाताने ठेका धरून दाखवावं. अर्थाकडे नंतर वळलं तरी चालतं.

पेडण्याला सोहिरोबानाथ आहेत. विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयाला नाव आहे म्हणून मुलांना ते ऐकून ठाऊक असतात, पण वाचलेले नसतात. बांद्याचं कुळकर्णीपण सोडून निघालेल्या या कवीची पदं गायला सोपी आहेत, आणि भजनात बसणारे एखादे आजोबा गावात असतील तर पालकाने शिकवायच्या भानगडीत न पडता मुलाला सरळ त्यांच्याकडे पाठवावं.

परीक्षेचं काय? मुक्त विद्यालयात 20 टक्के गुण शिक्षक-मूल्यांकित स्वाध्यायांना असतात, बाकी लेखी परीक्षेत. ती एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये देता येते. आकलन, व्याकरण, नेमलेले धडे-कविता हा भाग शेवटच्या चार महिन्यांत नीट बसवता येतो. पहिल्या दिवसापासून प्रश्नोत्तरं घोटली तर मात्र मुलाला साहित्य म्हणजे गाळलेल्या जागा एवढंच कळतं. स्वाध्याय तेवढे वेळेवर पाठवावेत; आळसापायी हातचे गुण घालवणारी घरं कमी नाहीत.

राहतो लेखनाचा प्रश्न. बार्देशातल्या पर्रा गावच्या राहुल आल्वारिस यांनी दहावीनंतर एक वर्ष कॉलेजला न जाता मासे, साप, गांडूळखत असल्या उद्योगांत काढलं आणि त्या वर्षाची हकिगत ‘फ्री फ्रॉम स्कूल’ या इंग्रजी पुस्तकात लिहिली. म्हापशाच्या ‘अदर इंडिया प्रेस’ने ते छापलं. घरशिक्षणाच्या वर्तुळात हे पुस्तक मोकळीकीची कैफियत म्हणून वाचलं जातं. साहित्य शिकवणाऱ्याने त्यातली दुसरी बाजू पाहावी: त्या मुलापाशी सांगायला स्वतःचं काही होतं आणि वाचणारा घराबाहेरचा होता. ‘माझा आवडता ऋतू’वर निबंध लिहिणाऱ्या मुलापाशी या दोन्ही गोष्टी नसतात.

म्हणून गावच्या काल्याचं तीनशे शब्दांत परीक्षण लिहून एखाद्या मराठी दैनिकाच्या पुरवणीला पाठवायला लावावं. शुद्धलेखन आईने तपासावं, मजकुराला तिने हात लावू नये. छापून आलं नाही तर पुढच्या जत्रेचं लिहावं. आलं, आणि संपादकाने संकासुराचा परिच्छेद कापला असेल, तर तो का कापला असावा यावर त्या दिवशीचा तास आपोआप निघतो.