रेल्वेची हद्द आणि परवान्याची बंदूक

सुरतेजवळील उधना जंक्शनपासून निघणारा तापी खोऱ्यातील लोहमार्ग बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा व अमळनेर या गावांवरून जळगावकडे जातो. खानदेशातील असंख्य कुटुंबे कामधंद्यासाठी याच मार्गाने सुरतेस ये-जा करीत आली आहेत. मार्गाच्या दोन्ही अंगांस ठिकठिकाणी शेते आहेत. ज्या शेतकऱ्याजवळ पीकसंरक्षणासाठी परवान्याची बंदूक आहे, त्यास रुळाच्या कडेची पायवाट जवळची वाटणे साहजिक आहे. परवाना खिशात असताना बंदूक उघडपणे खांद्यावर टाकून रेल्वेच्या कडेने जाण्यास कोणाची हरकत असू नये, असा समजही त्यामुळे सहज होतो. हा समज कायद्याला धरून नाही. त्यापायी प्रामाणिक माणसावरही परवाना गमावण्याची पाळी येऊ शकते. म्हणून या बाबतीतील तरतुदी नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

परवाना कशाचा?

भारतात शस्त्र बाळगणे हा नागरिकाचा जन्मसिद्ध हक्क मानलेला नाही. ती अटींवर दिलेली परवानगी आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ याच्या कलम ३ अन्वये परवान्यावाचून कोणासही बंदूक अथवा काडतुसे मिळविता, जवळ ठेवता किंवा घेऊन फिरता येत नाहीत. त्याच अधिनियमाच्या कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक देण्याची तरतूद आहे. ती पुरेशी पडणार नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाल्यास गुळगुळीत नळीची अन्य बंदूकही मंजूर करता येते. परंतु परवाना ज्या प्रयोजनासाठी व ज्या क्षेत्रापुरता दिलेला असेल, तेवढ्यापुरताच तो उपयोगी पडतो.

क्षेत्राचा मुद्दा या लोहमार्गावर विशेष महत्त्वाचा ठरतो. नवापूर स्थानकाचा काही भाग महाराष्ट्रात असून काही भाग गुजरातेत आहे. फलाटावरून चार पावले चालणारा प्रवासी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातो. ज्याचा परवाना केवळ नंदुरबार जिल्ह्यापुरता अथवा महाराष्ट्रापुरता आहे, त्याची बंदूक ती सीमा ओलांडताच परवान्याच्या क्षेत्राबाहेर जाते.

उघडपणे नेण्यास मनाई

शस्त्र नियम, २०१६ यांतील नियम ८ या विषयाचा गाभा होय. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल अथवा रिव्हॉल्व्हर नेताना ते त्यासाठी बनविलेल्या म्यानात किंवा पिशवीत असले पाहिजे, आणि इतर बंदूक तिच्यासाठी बनविलेल्या गवसणीत असली पाहिजे. शस्त्र पूर्णपणे झाकलेले हवे आणि ते नेणाऱ्याचा त्यावर परिणामकारक ताबा हवा. सार्वजनिक ठिकाणी शस्त्र परजणे किंवा त्यातून बार काढणे यास सक्त मनाई आहे. जे क्षेत्र शस्त्रमुक्त म्हणून ठरविलेले असेल, तेथे झाकलेले शस्त्रही नेता येत नाही.

रेल्वेचा फलाट, प्रतीक्षालय, पादचारी पूल आणि फाटकावरील रस्ता येथे लोकांची सतत वर्दळ असते. परवाना बिनचूक असला तरी अशा ठिकाणी उघडी बंदूक खांद्यावर टाकून वावरणे हा नियमभंग ठरतो. नियमांच्या किंवा परवान्याच्या अटींच्या भंगास कलम ३० अन्वये शिक्षा सांगितलेली असून, कलम १७ प्रमाणे परवाना निलंबित अथवा रद्दही करता येतो. अशा आदेशावर कलम १८ खाली अपील करण्याची सोय आहे. मुळात परवानाच नसेल, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम २५ नुसार साधारणपणे किमान दोन वर्षे आणि जास्तीत जास्त पाच वर्षे कारावास व दंड अशी शिक्षा आहे. त्याच दुरुस्तीने लग्नसमारंभात अथवा जमावात आनंदाच्या भरात निष्काळजीपणे गोळीबार करणे हाही स्वतंत्र अपराध ठरविला. गाडीने निघालेल्या वऱ्हाडी मंडळींनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

रेल्वेची जमीन

शस्त्राचा प्रश्न बाजूस ठेवला तरी जमिनीचा प्रश्न उरतोच. रेल्वे अधिनियम, १९८९ यात दिलेल्या व्याख्येप्रमाणे केवळ रूळ म्हणजे रेल्वे नव्हे. कुंपणाच्या अथवा हद्दखुणांच्या आत असलेली रेल्वेची सर्व जमीन या व्याख्येत येते. कलम १४७ अन्वये कायदेशीर अधिकारावाचून या जमिनीत शिरण्यास मनाई आहे. तसेच रीतसर आत आलेल्याने त्या जागेचा दुरुपयोग केला किंवा सांगूनही तो बाहेर गेला नाही, तरी तोच अपराध घडतो. अशा इसमास रेल्वे कर्मचारी बाहेर काढू शकतो. तिकीट घेतलेला प्रवासी किंवा फाटक उघडे असताना रस्त्याने रूळ ओलांडणारा गाडीवान यांची गोष्ट वेगळी; त्यांचा प्रवेश रीतसर असतो. रुळाच्या कडेने पायवाट पाडून जाणाऱ्यास मात्र असा अधिकार नसतो, मग त्याच्या हाती बंदूक असो वा विळा. बंदुकीचा परवाना हा वाटेचा परवाना नव्हे.

अमेरिकेतील काही राज्यांत सार्वजनिक ठिकाणी उघडपणे शस्त्र बाळगण्यास मुभा आहे. तेथील प्रथेच्या बातम्या वाचून किंवा चित्रपट पाहून आपल्याकडील कायद्याविषयी अनुमान करणे चुकीचे ठरेल.

कोणाचे अधिकार कोणते?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे शस्त्रे आणि रेल्वे हे विषय संघसूचीत आहेत, तर सार्वजनिक सुव्यवस्था आणि रेल्वे व ग्राम पोलिसांसह पोलीस हे विषय राज्यसूचीत आहेत. म्हणूनच स्थानकावर केंद्राचे रेल्वे सुरक्षा दल आणि राज्याचे लोहमार्ग पोलीस अशा दोन यंत्रणा दिसतात.

शस्त्र घेऊन जाणाऱ्याकडे परवाना मागण्याचा अधिकार कलम १९ ने पोलीस अधिकाऱ्यास दिला आहे. कलम २० याहून व्यापक आहे. एखादा इसम ज्या रीतीने किंवा ज्या परिस्थितीत शस्त्र नेत आहे, तीवरून बेकायदेशीर हेतूचा सयुक्तिक संशय येत असेल, तर दंडाधिकारी, पोलीस अधिकारी, अन्य लोकसेवक किंवा रेल्वेवर काम करणारी कोणतीही व्यक्ती त्यास वॉरंटाशिवाय अटक करून शस्त्र ताब्यात घेऊ शकते. परवाना असला तरी हे कलम लागू पडते. रात्री रुळांची पाहणी करणाऱ्या कामगारास समोरून येणारा बंदूकधारी शेतकरी आहे की दरोडेखोर, हे दुरून ओळखता येत नाही. ही अडचण परवानाधारकानेही समजून घेतली पाहिजे.

मात्र हा अधिकार अमर्याद नाही. संशयास सयुक्तिक कारण हवे. गवसणीत घातलेली बंदूक, सोबत परवाना आणि प्रवासाचे तिकीट असलेल्या मनुष्यास केवळ बंदूक आहे एवढ्यावरून अटक करणे या कलमात बसत नाही. पोलिसांव्यतिरिक्त अन्य कोणी अटक केल्यास, कलम ३७ प्रमाणे, त्या इसमास व शस्त्रास विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्याच्या स्वाधीन केले पाहिजे. तसेच एखाद्या पेटीत वा गाठोड्यात बेकायदेशीर शस्त्रे असल्याचा संशय आल्यास त्याची खबर देणे कलम ३६ ने रेल्वे कर्मचाऱ्याचे कर्तव्य ठरविले आहे.

कर्तव्यावर असलेल्या लोकसेवकास, तसेच राष्ट्रीय छात्रसेना व प्रादेशिक सेना यांच्या सदस्यांना कलम ४५ ने सूट दिली आहे. परंतु ती कर्तव्यापुरतीच आहे. शाळांतील छात्रसेनेचे काम पाहणाऱ्या शिक्षकांनी ही मर्यादा विद्यार्थ्यांस समजावून सांगावी.

याखेरीज जुन्या मुंबई राज्याचा १९५१ चा पोलीस अधिनियम महाराष्ट्र व गुजरात या दोन्ही राज्यांत पुढे चालू राहिला असून, आज तो त्या त्या राज्याच्या नावाने ओळखला जातो. त्याच्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी ठरावीक मुदतीसाठी बंदुका, तलवारी, भाले, काठ्या इत्यादी घेऊन फिरण्यास बंदी घालू शकतात. प्रवासास निघण्यापूर्वी असा आदेश जारी आहे काय, याची चौकशी करणे हिताचे असते.

परवानाधारकाने काय करावे?

बंदूक नेण्याचे खरे कारण असेल तरच ती बाहेर काढावी. ती रिकामी करून गवसणीत घालावी व नजरेआड होऊ देऊ नये. मूळ परवाना जवळ बाळगावा आणि त्यावरील क्षेत्र व मुदत तपासून घ्यावी. सुरतेस किंवा अन्य परराज्यात न्यावयाची असल्यास परवाना तेथे चालतो किंवा नाही, हे जिल्हादंडाधिकारी कार्यालयात आधी विचारावे. शेतावर जाताना रुळाची कडवाट सोडून गाडीरस्त्याने व फाटकातूनच जावे. पोलिसांनी परवाना मागितल्यास तो तत्काळ दाखवावा.

ग्रामपंचायतींनी व पोलीस पाटलांनी या गोष्टी गावातील परवानाधारकांच्या कानावर घातल्यास, अज्ञानामुळे होणारे नियमभंग व त्यातून उद्भवणारी प्रकरणे पुष्कळ अंशी टाळता येतील.