स्पंज खरवडायचा की नाही?

आमच्या डिलाईल रोडला एका मित्राकडे खाऱ्या पाण्याची टाकी आहे. तिच्यातल्या मऊ प्रवाळावर पिवळा स्पंज चढत चाललाय. ब्रशने खरवडू का, असं तो विचारतोय.

टाकीत तर नकोच. १९०७ मध्ये एच. व्ही. विल्सन यांनी जिवंत स्पंज रेशमी कापडातून पिळून काढला. सुट्या पेशी पुन्हा एकत्र आल्या आणि त्यांचे नवे स्पंज झाले. म्हणजे खरवडलेले तुकडे पाण्याबरोबर फिरून दुसऱ्या दगडावर रुजू शकतात. दगड बाहेर काढून, बादलीत टाकीचंच थोडं पाणी घेऊन घासायचा. ते पाणी फेकून द्यायचं.

पण स्पंज वाढतो कशावर? तो पाणी गाळून बारीक अन्नकण आणि जीवाणू खातो. बऱ्याच जातींना सांगाड्यासाठी सिलिका लागते. मग माशांचं खाणं कमी करायचं, की नळाच्या पाण्याऐवजी आरओचं वापरायचं? मित्राला प्रवाळ वाचवायचंय, त्याने दोन्ही करावं. तुम्हाला कारण शोधायचं असेल, तर एका वेळी एकच गोष्ट बदला, दर आठवड्याला ठरावीक अंतरावरून फोटो काढून स्पंजचं क्षेत्रफळ मोजा. काहीच न बदललेली दुसरी टाकीही हवी, कारण स्पंज कधीकधी आपोआपही ओसरतो.